कळंतर

केप्याच्या मामलेदार कचेरीत आज दुभाषी रजेवर,
म्हणून बाहेरच्या बाकावरून मला आत बोलावलं,
मला, अर्ज लिहून देणाऱ्याला.
टाइपरायटरवर टॉवेल टाकला आणि गेलो.
खोलीतल्या सगळ्यांना कोकणी येते.
फक्त त्या कागदाला येत नाही.

अर्जदार एस्पेरांसा कुलासो, राहणार कुडचडे.
घराचा नंबर निळ्या रंगात, मधला तीन उडालेला.
नवरा जहाजावर होता तोवर घरपट्टी जहाजावरून यायची.
मग नवराच आला, पेटीतून,
आणि अकरा वर्षं कुणी काउंटरपाशी गेलं नाही.

पालिकेची नोटीस आली: पंधरा दिवस, नाहीतर जप्ती.
नोटिशीला अजून डिंकाचा वास होता
तेवढ्यात लोटलीकरांचा माणूस स्कूटर लावून दारात.
थकबाकीदारांची यादी तो रोज फळ्यावर वाचतो,
लोक मरणाच्या बातम्या वाचतात तशी,
ओळखीचं कुणी आहे का बघत.

एक्केचाळीस हजार तीनशे त्याने रोख भरले.
पावती तिच्या नावाची,
पण ती राहिली त्याच्या फायलीत.
दरमहा सेवा शुल्क.
उशीर झाला तर त्या सेवेची वेगळी सेवा.
देवळातसुद्धा एवढी लागत नाही.

लोटलीकरांचे वकील म्हणाले,
या बारा पानांत व्याज हा शब्द दाखवा.
नव्हताच.
व्याज नाही तर कर्ज नाही,
कर्ज नाही तर सावकारी कसली,
आणि सावकारी नाही तर परवाना कुणी कुणाला मागायचा?
असे ते एकेक पायरी उतरत गेले,
नदीवर आंघोळीला निघाल्यासारखे, खांद्यावर पंचा.

एस्पेरांसा एकदाच बोलली.
'कळंतर घेता, पूण कळंतर म्हणना.'
सगळे माझ्याकडे बघू लागले.

सोपा शब्द आहे. आमच्या घरात रोजचा होता.
पण जिभेवर आला आणि तिथेच बसला.
कालांतर, कळंतर.
नुसता काळ जातो, त्याचं भाडं.
ती अकरा वर्षं बाल्कांवात बसून होती,
तो काळही गेलाच की,
त्याचं भाडं कुणी भरलं?
हे काही भाषांतरात बसत नाही.
'व्याज,' मी म्हटलं.
लिहिणारीने लिहिलं.

मामलेदार बाईंनी पुस्तक उघडलं.
मुदलावर जे जे जास्त घेतलं ते व्याज,
मग त्याला नाव काहीही द्या.
वकिलांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
त्यांनी पान उलटलं.
करार ऋणकोला कळेल अशा भाषेत समजावलेला हवा,
खाली समजावणाऱ्याची सही हवी.
'सही आहे. कुणाची?'

बाराव्या पानाच्या तळाशी होती.
शेवटचा र शेपूट लांबवून काढलेला,
मी काढतो तसा.
फेस्ताच्या आदल्या दिवशी, माझ्याच बाकावर.
दोनशे रुपये. तिची बस सुटायला आली होती.
बारा पानांचं मी तिला एक वाक्य करून दिलं होतं:
घर तुमचंच राहतं, सही करा.

आता प्रश्न तिलाही कोकणीत विचारायचा होता.
त्यासाठीच मला आत घेतलेलं.
'ही सय कोणाची?' मी विचारलं.
तिने कागदाकडे पाहिलंच नाही.
सकाळी खुर्ची पुढे केली तेव्हाच
तिने मला ओळखलं असणार.

'म्हजी,' मी म्हटलं.
मग कागदासाठी, मराठीत: 'माझी.'

लिहिणारी थांबली.
साक्षीदार बोलला की दुभाषी,
तिला कळेना.
'हे कुणाच्या नावावर घालू?' तिने विचारलं.